पाणी बंद, फोटो चालू

रविवार, दि. १० मार्च २०२४, सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी हा प्रकार घडला.

मी, वय ६७, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, राहणार खाली व्यायामशाळा असलेल्या इमारतीत दुसरा मजला, समक्ष हजर राहून सांगते की, माझी भाची, वय २९, बँकेत नोकरी, माझ्याकडे राहते. चार महिने ती खाली व्यायामाला जात होती. नऊ किलो चरबी उतरली, दंड भरदार झाले. भरलेला सिलिंडर तिने एकटीने वर आणला. रोज सहा अंड्यांचं पांढरं ती खायची, पिवळं माझ्या वाट्याला. याला माझी हरकत नव्हती.

तिथला शिकवणारा, ज्याला सगळे मास्तर म्हणतात, 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो भिंतीवर लावतो. 'नंतर'च्या फोटोआधी तीन दिवस तो पाणी आणि मीठ बंद करायला लावतो. भाची म्हणाली, "मावशी, पाणी तोडलं की कातडी स्नायूंना चिकटते. कट दिसतात." मी म्हटलं, "द्राक्षाचाही बेदाणा होतो, त्याला कोणी तब्येत म्हणत नाही." ती हसली. ओठ फुटले होते.

रविवारी मी तिच्या मागोमाग खाली गेले. ती आरशासमोर कोसळली. मास्तरने तिला काखेत हात घालून उभं केलं, दंडांना तेल चोळलं. मोबाइल स्टँडवर होता. "मान सरळ ठेवा ताई, दोनच सेकंद," म्हणाला. फोटो निघाल्यावर त्याने तिला सोडलं. ॲम्ब्युलन्स मी बोलावली. लघवी काळ्या चहासारखी होत होती. नोकरीत असताना अशी बाटली हातात आली की आम्ही धावत डॉक्टरांकडे जायचो. तिच्या किडन्यांचं काम बंद पडलं आहे. आज दुसरं डायलिसिस झालं.

मास्तरला विचारलं. म्हणाला, "ताई आधीपासूनच नाजूक होत्या, काकू." सिलिंडर त्याच्या दारावरूनच वर गेला होता.

आज संध्याकाळी पाहिलं तर तो फोटो भिंतीवर लागला आहे. खाली लिहिलंय, 'जिद्द'. कडेला मास्तरची बोटं दिसतात. मला किळस आली. लिहून घेणारे हवालदार म्हणाले, "बाई, किळस जबाबात बसत नाही." मी म्हटलं, "बसवा."

जबाब मला वाचून दाखवला, चष्मा लावून मीही वाचला. मी सांगितलं तेच लिहिलं आहे. सही केली. दि. ११ मार्च.

सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिते: येत्या रविवारी आणखी पाच बायकांचे फोटो आहेत. फोटो उतरवून हा प्रकार थांबवला का, याचं लेखी उत्तर मला बुधवार, दि. १३ मार्च, संध्याकाळी ६ च्या आत हवं. गुरुवारी सकाळपासून त्यांचं पाणी बंद होणार आहे.