स्वेटरवाला माणूस

— अहो, उभे का? बसा ना! स्क्रीनवरचं चित्र, असंच म्हणालात ना तुम्ही? कधीची वाट बघतेय मी, कोणीतरी येईल आणि चित्राचं नाव काढेल. तुमच्या शीतगृहात आमचंच सॉफ्टवेअर, हो ना? खोल्यांचं तापमान दाखवणारं? त्यातलं मोजमाप माझं, आणि चित्रं आमच्या धाकट्याची, माझ्या भावाची. प्रत्येक खोलीत स्वेटर घातलेला एक माणूस — गारवा कमी झाला की स्वेटर काढतो, फारच झालं की घाम पुसतो. त्याचं नाक बघितलंत? माझं नाक आहे ते! मेल्यानं मुद्दाम काढलं. मी चिडले तर म्हणाला, ताई, एवढं मोठं नाक दुसरं कुणाचं आणू?

गेला तो. गेल्या हिवाळ्यात. तापाचं निमित्त झालं. सगळ्यांच्या खोल्यांची तापमानं आम्ही सांगायची, आणि घरातल्या माणसाचा ताप — जाऊ द्या.

तर आमचे साहेब म्हणाले, आकडे आणि चित्रं मिळून एवढं जड पॅकेज सगळ्यांच्या गळ्यात कशाला? बऱ्याच मशीनना तर स्क्रीनच नसते. दोन करा — एक नुसत्या आकड्यांचं, हलकं, आणि एक चित्रांचं. बरोबरच होतं हो त्यांचं. केली मी दोन. पण जुनं नाव कुणाला द्यायचं? मी दिलं हलक्याला. तिथंच माती खाल्ली! अपडेट नाव बघूनच जातं; पुढच्या वेळी सगळीकडे जुन्या नावानं हलकंच गेलं, आणि चित्रं गुपचूप पुसली गेली. तुमच्याकडची पण. कळलं तेव्हा म्हटलं, आता फोनवर फोन येणार, लोक शिव्या घालणार. खरं सांगू? शिव्या हव्याच होत्या मला. एक फोन नाही आला हो. कुणाला काही गेल्याचं कळलंच नाही. आता साहेब म्हणतात, कोणी मागत नसेल तर चित्रवालं बंदच करू, सांभाळणार कोण? मी म्हटलं, थांबा, एक जण तरी येईल. आणि बघा, आलात तुम्ही! द्या तो लॅपटॉप इकडे, आत्ता परत घालून देते तुमचा स्वेटरवाला —

काय? परत नको?

मग चित्र म्हणजे — अच्छा. हे. चित्रं सुरू करायचं बटण. स्वेटरवाल्याचं तोंड तेवढं स्क्रीनवर राहिलंय, दाबलं तर काही उघडत नाही. मध्ये मध्ये येतं, म्हणून काढून हवंय. आकडेच बरे पडतात, म्हणता? पडणारच हो. आकडे माझेच आहेत ना.

नाही, नाही, डोळ्यांना काही नाही झालं, या एसीनं होतं असं. झालं. काढलं. बघा, स्क्रीन कशी मोकळी दिसतेय. आणखी काही? नाही ना? मग या आता. आणि जाताना दार ओढून घ्या.