मायच्या घरी दोन पाहुणे

(फोनवर. आरती लातूरला, तान्हं बाळ कडेवर. दीर भागवत नांदेडच्या विद्यापीठात, प्रयोगशाळेत. आरतीची सासू, म्हणजे तिच्या आत्याबाई अन् भागवतची माय, गावी एकट्या.)

आरती : आत्याबाई म्हणल्या होत्या, त्या डबीच्या भरवशावर राहू नको, फोन करत जा. मी म्हणलं, असू द्या हो, भाऊजींनी बनवलीय.

भागवत : बरोबरच म्हणलात की वहिनी. पावलाचा हादरा टिपती ती. माय पडली तर तुमच्या मोबाइलवर घंटी.

आरती : घंटी नाही वाजली. पण सकाळपासून आत्याबाई फोन उचलेनात. तुमचे दादा क्लासवर पोरांची नीटची टेस्ट घ्यायलेत, मोबाइल बंद.

भागवत : थांबा, स्क्रीनवर बघतो. हे काय, माय घरात फिरून राहिली! चाल लई सुधारलीय. आमचे सर म्हणले, ही केस प्रबंधात घाल. घातली.

आरती : गुडघ्यांनी बेजार बाई ती!

भागवत : वजन पण वाढत होतं दिवाळीपासून. अन् कालपासून दोन पाहुणे दिसायलेत. हलकेच हायत. लहान लेकरं असतील, उड्या मारून राहिलेत.

आरती : भाऊजी, आपल्या घरात लेकरू एकच. ते माझ्या कडेवर आहे.

भागवत : परत बघतो. दोनच दिसायलेत की.

आरती : डबी लावली कुठं?

भागवत : भूकंपानंतर मिळालेल्या पक्क्या घरात. माय झोपती त्या पत्र्याच्या शेडात सारवलेली जमीन, तिथं चिकटंना. मायला म्हणलं, आता आतच झोपत जा. हाव म्हणली.

आरती : त्या सगळ्यांनाच हाव म्हणतात! भूकंपात अंगावर मातीचं माळवद कोसळलेलं त्यांच्या. स्लॅबखाली पाठ टेकतील? पक्क्या घरात काय असतं?

भागवत : ज्वारीची पोती. अन्... शेळी.

आरती : गाभण शेळी.

भागवत : म्हंजे व्याली! वहिनी, सरांना काय सांगू?

आरती : सरांचं मरू द्या! आत्याबाईंचं काय? शेजारच्या महादेवीमावशींना जोडा फोनवर.

महादेवी : कोण, आरती? अगं, शेळीला दोन पिल्लं झाली, लई गोड! काल तुझ्या सासूनं, सिंधुअक्कानं, सगळ्या आळीला खरवस वाटला.

आरती : आज दिसल्या का त्या?

महादेवी : आज... न्हाई बाई. मला वाटलं, आत पिल्लांपाशी असंल.

आरती : मावशी, पक्क्या घराकडं जाऊ नका. पत्र्याच्या शेडात जा, त्या अजून तिथंच झोपत असतील. फोन हातातच राहू द्या. हाक मारा, अन् त्या ओ देतील ती मला ऐकू येऊ द्या.