दोन स्टारांचा वाघ

मुखरू : आता येते का ऐकू? थांब, पारीवर अजून वरते चढतो. हां. आता?

ज्योत्स्ना : येतंय, बाबा. परत तळ्याच्या बांधावर आलात?

मुखरू : मंग कुठी जाऊ? गावात रेंज नाई. बोडीच्या पारीवर दोन काड्या येते, पळसाखाली तीन. तुह्या त्या तिसऱ्या रांगेनं आज मले पुन्हा चिमटा काढला.

ज्योत्स्ना : माझी कशी ती?

मुखरू : तूच तं दिवाळीत ते सिनेमावाल्याइचं पान उघडून देलं. त्याच्या आधी मी अन् नूर मोहम्मद वरोऱ्याच्या बाजारात चहावर भांडत होतो, बरे होतो. आता जगासमोर भांडतो, अन् हा कोन 'तिसरी रांग' नाव लावून मधात लिवते.

ज्योत्स्ना : काय लिहिलंय तिसऱ्या रांगेनं?

मुखरू : दोन स्टार, माय! एवढा जीव ओतून बनवलेला जंगलातल्या गावाचा सिनेमा, अन् त्याले दोन स्टार. कारण काय, तं वाघाच्या सिनेमात वाघच दिसत नाई. मी सकाळी लिवलं, साहेब, वाघ दिसला का भेव अर्धं होते. त्याच्यावर हे उत्तर. ऐक. 'मुखरूभाऊ, तुमचं म्हणणं वाचलं. पण अडीच तास नुसती हलणारी गवताची पाती दाखवून...'

ज्योत्स्ना : '...भीती उभी राहत नाही. वाघ आहे तरी कुठे?'

मुखरू : वाचलं तू!

ज्योत्स्ना : आत्ताच वाचलं.

मुखरू : मंग सांग, कोन बरोबर?

ज्योत्स्ना : मी कशाला सांगू? तुम्ही उत्तर लिहा. बघू.

मुखरू : लिवतोच. नूर मोहम्मद बी त्याच्याच बाजूनं झाला. म्हणते, तिकीट काढलं तं वाघ दिसला पायजे. मोहर्लीच्या सफारीतल्या, जिप्सीतल्या पाहुण्यावाणी बोलते. जल्मभर झाडीच्या गावात सिनेमे दाखवले अन् एवढं समजत नाई त्याले.

ज्योत्स्ना : बाबा, मागे आवाज कसला?

मुखरू : वानर. खोकलते.

ज्योत्स्ना : वानर खोकलतं म्हणजे...

मुखरू : म्हंजे काई नाई. बिबट असन, गावातलं कुत्रं असन. वानराले खोकलाले कोनतंबी चालते.

ज्योत्स्ना : वनखात्याची गाडी फिरली म्हणे परवा. आई सांगत होती.

मुखरू : मोहफुलं वेचाचे दिवस हाय, फिरवतेच ते. पाचच्या नंतर बोडीकडं जाऊ नका म्हणे. पाचाले अवकाश हाय अजून.

ज्योत्स्ना : जंगलाकडे तोंड करून तरी बसा.

मुखरू : तिकडून ऊन येते डोळ्यात. उन्हाकडं पाठ केली का अंगाची सावली मोबाइलवर पडते, अक्षरं दिसते. रोजच तं असा बसतो.

ज्योत्स्ना : रोज असे बसता?

मुखरू : काऊन? भेव वाटते का तुले?

ज्योत्स्ना : नाही.

मुखरू : वाटत असन तं सांग. आत्ता उतरतो. उत्तर उद्या लिवीन. तिसरी रांग कुठी पळून चालली?

ज्योत्स्ना : मला कसली भीती? लिहा तुम्ही. सविस्तर लिहा.

मुखरू : शाब्बास. झाडीची पोरगी हाय. तुही माय पाह्य, मी पारीवर चढलो का चूल सोडून दारात येऊन उभी राह्यते. ठेवतो आता. बोटानं एकेक अक्षर दाबा लागते, वेळ लागते.

ज्योत्स्ना : बाबा...

मुखरू : बोल.

ज्योत्स्ना : काही नाही. ठेवा.

(तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. तीच पार, तोच पळस. दुपारचे चार.)

नूर मोहम्मद : हळू ये बेटा, मुरूम सरकते पायाखाली. ते खाली दोघं काठ्या घेऊन उभे हाय ना, वनवाले, त्यांनी अर्धा घंटा देला आपल्याले.

ज्योत्स्ना : इथेच का, नूर चाचा?

नूर मोहम्मद : इथंच. पळसाले लागून.

ज्योत्स्ना : जंगलाकडे पाठ होती?

नूर मोहम्मद : हो. पंचनाम्यात लिवलं, वाघ मागून आला. त्याले समजलं बी नसन. असंच धरून चाल तू.

ज्योत्स्ना : आई म्हणते, गावात कुणालाच वाघ दिसला नाही. आधीही नाही, नंतरही नाही.

नूर मोहम्मद : म्हूनच तं लोक पाणी भराले बी चार-चार जणं जाऊन राह्यले. बस थोडी. हा घे त्याचा फोन. तुह्या मायनं, सुगंधाभाभीनं, माह्या दुकानात पाठवला होता. काच टाकली नवी. बाकी कशाले हात नाही लावला.

ज्योत्स्ना : चालू होतो?

नूर मोहम्मद : होते. अन् एक सांगाचं होतं. म्हूनच तुले इथवर आणलं, घरी भाभीसमोर नाही बोललो. चालू केला तं त्याच सिनेमाचं पान उघडं होतं. त्यानं लिवलं होतं सगळं, फक्त धाडाचं राह्यलं.

ज्योत्स्ना : तुम्ही वाचलं?

नूर मोहम्मद : वाचलं बेटा. मी त्याच्याशी चाळीस वर्षं भांडलो. शेवटचं भांडण कसं सोडू? वाचून दाखवू का तुले?

ज्योत्स्ना : वाचा.

नूर मोहम्मद : 'तिसरी रांग साहेब, नमस्कार. तुम्ही विचारता वाघ कुठे आहे. तुम्ही शहरात राहत असाल. माझी मुलगी पण नागपूरला राहते, मोठ्या लायब्ररीत आहे. मी तिला रोज बोडीच्या पारीवरून फोन करतो. भीती वाटते का विचारलं तर नाही म्हणते. पण फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत तिचा परत फोन येतो, बाबा घरी पोचले का. साहेब, त्या दहा मिनिटांत वाघ आहे. सिनेमावाल्याने तेवढंच दाखवलं. दोन स्टार कमी आहेत. विचार करावा. मुखरू.'

ज्योत्स्ना : दहा मिनिटांचं परत वाचा.

नूर मोहम्मद : पाणी पी.

ज्योत्स्ना : त्या दिवशी मी परत फोन केला नाही, चाचा.

नूर मोहम्मद : कामात असशीन.

ज्योत्स्ना : नव्हते. फोन हातात घेऊन बसले होते. म्हटलं, लिहिताहेत, मध्येच मोडता नको.

नूर मोहम्मद : तुह्या एका फोननं वाघ काई वापस नसता गेला.

ज्योत्स्ना : उठले असते ते. माझा फोन आला की उठायचे. चालता चालता बोलायचे माझ्याशी, घरापर्यंत.

नूर मोहम्मद : असं नको मोजू, बेटा. मी बी त्याले त्याच सकाळी डिवचलं होतं. मी कोणाले सांगू? हे धाडून देऊ का? इथं रेंज हाय. त्या साहेबाले बी कळू दे, कोणाशी बोलत होता.

ज्योत्स्ना : द्या.

नूर मोहम्मद : हे दाबलं. चाललं... गेलं. तुहा फोन वाजला, पाह्य.

ज्योत्स्ना : हो.

नूर मोहम्मद : पाह्य ना, भाभी असन. आपण वर आलो म्हून घाबरली असन.

ज्योत्स्ना : आई नाही. बाबांची कमेंट आली आहे.

नूर मोहम्मद : तुह्याकडं? ते तं तिसऱ्या रांगेले गेलं.

ज्योत्स्ना : हो.

नूर मोहम्मद : बेटा...

ज्योत्स्ना : तुमच्या व्हिडिओच्या शोला पुढच्या दोन रांगांत पोरं लोळायची. तिसरीत मी आणि बाबा.

नूर मोहम्मद : या अल्ला. अन् आम्ही दोघं म्हातारे त्याले साहेब-साहेब करून राह्यलो.

ज्योत्स्ना : सांगणार होते. आधी म्हटलं, गंमत. मग त्यांचं लिहिणं वाढायला लागलं. मुलगी म्हणून विचारलं तर दोन वाक्यांत उत्तर द्यायचे. तिसऱ्या रांगेला मात्र पानभर लिहायचे. मला ते पानभर हवं होतं.

नूर मोहम्मद : सिनेमा खरंच नव्हता आवडला तुले?

ज्योत्स्ना : अर्ध्यातून उठून गेले होते. गवत हललं की मला ही पार दिसायची, आणि पारीवर बसलेली पाठ. पुन्हा जाऊन बसले, संपेपर्यंत पडद्याकडे पाहिलं नाही. घरी येऊन दोन स्टार दिले.

नूर मोहम्मद : अन् लिवलं, भीती उभी राहत नाही.

ज्योत्स्ना : हो. तसं लिहिलं.

नूर मोहम्मद : ऐकलं का? वानर.

ज्योत्स्ना : ऐकलं.

नूर मोहम्मद : चल, ऊठ. खालचे माणसं हात करून राह्यले.

ज्योत्स्ना : येते. त्यांनी त्या दिवशी दोनदा विचारलं होतं मला. उत्तर द्यायचं राहिलंय.

नूर मोहम्मद : कमेंटीचं? घरून दे ना. नाही तं नागपूरवरून.

ज्योत्स्ना : कमेंटीचं नाही.

नूर मोहम्मद : मंग? तिकडं कोणाकडं पाहून राह्यली, बेटा?

ज्योत्स्ना : बाबा, मले भेव वाटते. उतरा खाली.