रस्सा मीच ओतला होता

हे मी वर्षानुवर्षं टाळत आलो, गेल्या रविवारपर्यंत पोरालाही सांगितलं नव्हतं, पण तुम्ही लिहूनच घेताय तर खरं ते लिहा. मी मूळचा धुळ्याकडचा, लग्न झालं अन् सुरतेला आलो, तिथल्या बमरोलीत कापडाच्या लूमवर लागलो, तिथंच म्हातारा झालो. आमच्या खानदेशात कोंबडी म्हणजे काळा रस्सा, रस्सा नाही तर ते जेवणच नाही, हे डोक्यात पक्कं.

मुलाला, दिलीपला, नोकरी लागली तेव्हा कारखान्यातले लोक जेवायला बोलावले. मंगलानं, माझ्या बायकोनं, टीव्हीवर पाहून कोंबडीचे बारके तुकडे टोस्टच्या चुऱ्यात घोळून तळले, पहिल्यांदाच, अन् असे कुरकुरीत, काय सांगू तुम्हाला. ती बाहेर ताटं मांडत होती, मला वाटलं, कोरडं काय वाढायचं, लोक नावं ठेवतील, अन् भातासाठी केलेला रस्सा मी सगळा त्यावर ओतला. वाढेपर्यंत लगदा. लोक म्हणाले, वहिनी, कोंबडीची खीर केली का. तिनं रश्शाच्या रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, हिला जमत नाही हो असलं. तेव्हापासून घरात तेच, आईची खीर, आईची खीर, सून आली तीही चिडवायला लागली. मंगला हसायची, माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. अन् ते तुकडे तिनं पुन्हा कधी केलेही नाहीत.

तर रविवारी मी केले. नात श्रद्धा मोबाईल घेऊन शिकवायला आली, म्हटलं, ठेव तो, मी पाहिलंय कसं करतात. दही, आलं-लसूण, तिखट लावून ठेवायचं, मग मैदा, अंडं, अन् टोस्ट हातानं कुटायचा, पीठ नाही करायचं, रवाळ ठेवायचा. तेलात थोडे थोडेच सोडायचे, नाहीतर तेल थंड पडतं अन् सगळे मऊ. पहिला घाणा निघाला, श्रद्धानं चावला, तो आवाज दाराबाहेर ओट्यावर बसलेल्यांनी ऐकला, अर्धी गल्ली आत आली. दिलीप म्हणाला, आबा, तुम्ही तर आईला हरवलं. मी झारा खाली ठेवला अन् सगळ्यांसमोर सांगितलं, तिचे असेच झाले होते, याहून चांगले, रस्सा मी ओतला होता. सून हातातला तुकडा हातातच धरून बसली. खीर हा शब्द आमच्या घरातून गेला तो गेला.

मंगलानं एक खाल्ला, सावकाश दुसरा खाल्ला, अन् माझ्याकडे बघून आमच्या अहिराणीत म्हणाली, आज रस्सा कोठे शे? सगळे इतके हसले, मीही हसलो. मंगला, माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं, ओठापर्यंत आलं होतं, अन् मी तिच्या ताटात अजून दोन टाकले, म्हणालो, गरम आहेत तोवर खा.