बेकरीपाशी रुंद झालेला रस्ता

(नगररचना कार्यालयातली सभेची खोली. टेबलावर पुठ्ठ्याची वस्ती. नव्या रस्त्याच्या आराखड्यावरच्या सभेसाठी बाहेर लोक जमू लागलेत.)

ताई : त्या पुठ्ठ्याच्या बेकरीला हात लावू नकोस, डिंक ओला आहे अजून. आणि बस जरा. सारख्या येरझाऱ्या घालतोयस.

भाऊ : बसू कुठं? तुझा नवा रस्ता माझ्या बेकरीवरूनच गेलाय, ताई!

ताई : दलदल बुजवायची नाही, म्हणून वळवला. आणि दलदल वाचवा म्हणत घरोघर सह्या कोणी गोळा केल्या?

भाऊ : मीच केल्या. गळ्यात दुर्बीण अडकवून पोराटोरांना बगळे दाखवत हिंडलो. अजूनही सांगतो, ती बुजवली तर पहिल्याच मोठ्या पावसात खालच्या गल्लीत पाणी शिरेल.

ताई : मग?

भाऊ : मग काय! भट्टी काय पाठीवर टाकून नेऊ? बाबांनी स्वतः रचलीय ती.

ताई : माहीत आहे. विटा मीच देत होते त्यांच्या हातात.

भाऊ : आणि आता तूच... थांब. रस्ता सगळीकडं दोन गाड्यांपुरताच आहे. माझ्या दारापाशीच एवढा ऐसपैस का?

ताई : गाड्या उभ्या करायला.

भाऊ : बाकी कुठंच नाही तशी सोय. लोकांनी चालावं म्हणून ठेवलीच नाही, असं परवा जेवताना तूच सांगत होतीस. ताई, इकडं बघ.

ताई : पहिल्या आराखड्यात नव्हती.

भाऊ : म्हणजे बेकरी वाचत होती?

ताई : पुढची पायरी तेवढी जात होती.

भाऊ : अगं, मग कशाला घातलास हा घोळ?

ताई : लोक काय म्हणाले असते? दलदलीचं नाव पुढं करून बाईनं भावाचं दुकान राखलं! सगळा आराखडाच फेटाळला असता. मग दलदलही गेली असती.

भाऊ : म्हणून मला बळी दिलंस?

ताई : हो. आणि तेव्हापासून धड झोप नाही मला. रागाव तू.

भाऊ : रागावलोच आहे. दार उघड, लोक खोळंबलेत.

ताई : तू घरी जा ना.

भाऊ : छे! मागच्या रांगेत बसतो. पहिला प्रश्न माझा.

ताई : काय विचारणार आहेस?

भाऊ : ही बेकरी परक्याची असती, तर इथं रस्ता केवढा ठेवला असता, मॅडम?