घड्याळ काढा, आजी

तुम्ही मला हुशार डॉक्टर म्हणता ना, म्हणून सांगतो. खापा गावच्या एका आजींची स्मरणशक्ती तपासताना मी कागद-पेन्सिल दिली आणि म्हटलं, “घड्याळ काढा.” त्या नुसत्या बघत बसल्या. ‘स्मृतिभ्रंश’ लिहून मी मोकळा झालो.

वर्षभराने त्या मुलासोबत पुन्हा आल्या, तेव्हा सहज विचारलं, “आजी, शाळा किती झाली?”

“शाळा कुठची गा डॉक्टर? पेन्सिल पहिल्यांदा तुमच्याच इथं धरली.”

मग तोंडी प्रश्न विचारले. सगळी उत्तरं बरोबर आली. मुलाला लगेच सांगितलं, “चूक माझी आहे. यांना सगळं कळतं.”

आजी म्हणाल्या, “नातीचं लग्न ठरलं, तिले तो पोरगा नको होता. तिनं मलेच सांगतलं होतं. मी घरात बोलली, तं म्हणे, हिले काही समजत नाही. लग्न होऊन बी गेलं गा.”