सुमनबाईचा अंगठा

नाही मॅडम, तो पडदा सरळच हाय — तुमची मान वाकडी होऊन राहिली. वीस वर्षं झाले मले मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात, पवनी तालुक्यात एक लग्न दाखवा जिथं या गुलाबचा पडदा वाकडा निघाला. बसा तुमी. खिडक्यायले कापड लावतो, विहारात अंधार झाला का मंग तुमचा पिच्चर. काय म्हनता — डाकुमेंट्री? तेच ते. पिच्चर म्हटलं का तुमाले राग येते, माहीत हाय मले. चार महिने झाले, दर महिन्याले एक आनता ना तुमी, पाहन्यासारखी हाय म्हनून. आन पाहतो आमी. पयली आनली ती मोबाईलनं पोरं कसे बिघडते त्याची — लय चांगली होती, बाया रडल्या, आन रडता रडता लोकायनं मोबाईलवर तिचंच शूटिंग करून घेतलं. मंग ते मशीन मानसाचं काम खाऊन टाकते, ते. ते पाहून आमचे पुंडलिकराव इतके भेले का दुसऱ्याच दिवशी धान कापाले हार्वेस्टर सांगून आले — म्हने, मशीन खानारच हाय तं माहं आधी खाऊ दे. एक गोष्ट मातर शिकलो मी. बासरी वाजली का समजाचं, आता कोन्या तरी बुढीचं तोंड दिसनार. लय वेळ दिसनार.

आज तं आमच्याच बुढीचं दिसनार हाय. माही माय, सुमनबाई — तुमाले काय सांगाव, तुमीच तं तिले दिल्लीले नेलं. म्हंजे ती नाही गेली, तिचा अंगठा गेला, पडद्यावर. बक्षीसबी भेटलं म्हने. चांगलं झालं. चाळीस वर्षं बिड्या वळल्या तिनं, बिडीले कोनी बक्षीस नाही देल्लं. पानं वळू वळू अंगठा असा गुळगुळीत झाला का राशनच्या दुकानातली मशीन तिले ओळखेच ना. कार्डावर जेवढे नावं तेवढ्यायचे अंगठे पाहिजे होते, ते केवायसी का काय — ज्याचा नाही लागला त्याचं नाव कटते. माहा लागला, बायकोचा लागला, पोरीचा, खुशबूचा लागला. बुढी तीनदा गेली, तीनदा वापस आली. आन तवाच तुमी गावात विचारत आल्या, कोनाचा अंगठा लागत नाही का म्हनून. आमी म्हटलं या, आमच्या घरी हाय तसला अंगठा.

शूटिंग आठवते ना? तीनदा अंगठा, तीनदा लाल लाईट, आन बुढीचं ते तोंड. तुमी म्हटलं, आजी, एकदम नॅचरल. हाव, नॅचरलच — नाही, हसून नाही राहिलो मी, दोरी दातात धरली म्हनून तसं दिसते. काय हाय मॅडम, त्या महिन्यात सट्टेदारानं — बिडीचे पानं-तंबाखू घरोघरी देते ना, तो — त्यानं मालच नव्हता देल्ला. बुढी रिकामी. रिकाम्या हाताले कातडी येते का नाही परत? येते. तुमी येनार त्याच्या आदल्या दिवशी खुशबूनं मजा म्हनून आजीचा अंगठा माह्या मोबाईलच्या लॉकमंदी नवा म्हनून भरून पाहिला, तं टक्कन घेतला. मोबाईलनं घेतला म्हंजे दुकानातली मशीनबी घेनारच. पोरगी नाचाले लागली. मी नाही नाचलो. मी म्हटलं, हे लोकं उद्या गाडी करून, एवढा मोठा कॅमेरा घेऊन नागपूरवरून येऊन राहिले, आन मशीननं पयल्या झटक्यात अंगठा घेतला तं काय आमच्या म्हशीचं शूटिंग करतीन? पावन्याले रिकाम्या हातानं वापस पाठवाची रीत नाही ना आमच्याकडे.

मंग बुढीनंच — बुढीच म्हने का पाट्यावर घासतो अंगठा. वाटन वाटाचा पाटा. मी फक्त धुवून देल्ला, मिरची झोंबाले नोको म्हनून. म्हंजे — बरं, पाटा मीच काढला. म्हटलंबी मीच. झालं? असं टक लावून नोका पाहू, कॅमेरा बंद हाय ना तुमचा? घासता घासता तिनं एवढंच विचारलं, "गुलाब, मंग माह्या नावाचं?" मी म्हटलं पुढच्या महिन्यात लावू, नाव काय पळून जाते. पुढच्या महिन्यात सट्टेदार माल घेऊन हजर, अंगठा पुन्हा गुळगुळीत, आन केवायसीची तारीख निघून गेली. आता कार्डावर तीनच नावं हायेत. तांदूळ नाही कमी पडत, धानाचा जिल्हा हाय आपला. पन बुढी दर महिन्याले खुशबूले मोबाईलवर कार्ड काढाले लावते. वाचता येत नाही तिले. नावाच्या ओळींवरून बोट फिरवते, तीन झाल्या का थांबते, मोबाईल वापस देते. मले लाज वाटते मॅडम. हे नाही ना तुमच्या डाकुमेंट्रीत?

काय म्हनता — केवायसी चेहरा दाखवूनबी होते आता? माहीत हाय. खुशबूनं सारं शोधून ठेवलं, नाव परत चढते म्हने. काल बसली होती मोबाईल घेऊन, आजी, इकडं पाय, डोळे मिचकाव, दोन मिनिटाचं काम. बुढीनं तोंडच फिरवलं. म्हने, "उद्या पोरगी येऊन राहिली, साऱ्या गावासमोर तिचा पिच्चर हाय. माहं नाव आलं तं तिचं खोटं नाही का पडनार?" पोरगी म्हंजे तुमी.

आता तुमी काहून डोळे पुसता? बासरी तं वाजली नाही अजून. उठा, ते पाहा, येऊन राहिली — पांढरं पातळ, पयल्या खुर्चीवर बसनार हाय ती, तुमच्याच बाजूले. तिच्या हाताकडं नोका पाहू तेवढं. आज सकाळी पाटा ओला दिसला मले, आन वाटन तं काही नव्हतं घरात. पावनी येनार हाय, अंगठ्याची मशीन घेऊन आली तं — असं वाटलं असन तिले. सरका तिकडं. लाईट बंद करून राहिलो मी.